एक डोळा अमरावतीला, एक अकोल्याला

आमच्या थोरल्या साडूंइतका न्यायी माणूस अख्ख्या वऱ्हाडात नाही, आणि असल्या माणसाला घरच्यांनी वेळीच कोंडून ठेवावं, हे माझं ठाम मत आहे. मोर्शीजवळ त्यांची संत्र्याची बाग. नवं औषध आलं की ते निम्म्या बागेवर मारणार, निम्म्यावर जुनंच, आणि मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पंचासारखे उभे राहणार. बायकोच्या दोन गुडघ्यांना त्यांनी दोन वेगळी तेलं लावली. बिचारी सहा महिने एका पायानं लंगडली, पण निकाल लागेपर्यंत तेल बदलू दिलं नाही!

मग साखरेनं त्यांच्या डोळ्यांचे पडदे धरले. दोन्हीकडे सारखी सूज. आणि या माणसाची सगळी इज्जत डोळ्यांत! झाडाखाली उभं राहून ते फळांचा आकडा सांगतात आणि त्यावर व्यापारी बिनबोभाट सौदा करतात. अमरावतीच्या डॉक्टरांनी दर महिन्याला इंजेक्शन सांगितलं, अकोल्याच्या डॉक्टरांनी लेझर. साडूंनी वाटणी केली. उजवा डोळा अमरावतीला, डावा अकोल्याला, आणि दोन्हीकडे गाडी हाकायला मी! अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी डाव्या पडद्यावर लेझरचे डाग पाहिले आणि त्या ओरडल्याच, "हे कोणी केलं?" साडू शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी आपल्या धुऱ्याच्या अलीकडंच पाहा."

तीन इंजेक्शनांत उजवा डोळा उघडला. एसटीची पाटी ते फर्लांगावरून वाचू लागले. डावा होता तिथंच राहिला. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. यांनी इंजेक्शनंच बंद केली! "उजव्याले तीन खेपा, डाव्याले एकच. हा कुठचा न्याव? आता डाव्यानं गाठेपर्यंत उजव्यानं थांबावं."

माझं डोकंच फिरलं. "भाऊ, हे डोये हायेत, वावरातल्या पऱ्हाटीच्या ओळी नाईत! लेझर आहे ते टिकवते, इंजेक्शन सूज उतरवते, पण ते घेत राहा लागते, असं बाईनं सांगतलं ना तुमाले?"

"मंग अकोल्याच्या डॉक्टरवर अन्याव करू काय?"

त्या डॉक्टरनं यांच्याकडे न्याय मागितला कधी होता? मी भांडलो, त्यांच्या बायकोनं जेवण सोडलं, पोरीनं फोनवर रडून घेतलं. पण पंच ढिम्म. चार महिन्यांनी उजव्या पडद्याला पुन्हा सूज आली, तेव्हा कुठं स्वारी गाडीत बसली. आता दोन्ही डोळ्यांना इंजेक्शनं चालू आहेत. बाई म्हणाल्या, सूज उतरेल, पण गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही. परतीच्या वाटेवर मी त्यांना नांदगाव पेठेपासून मोर्शीपर्यंत शिव्या घातल्या.

परवा बागेत ते एका झाडाखाली उभे राहिले. एक डोळा झाकला, मग दुसरा. बराच वेळ वर पाहिलं.

"किती असतीन?" त्यांनी मला विचारलं. मला! माझा आकडा आजवर या माणसानं हसण्यावारी नेला नाही, असं झालेलं नाही.

झाड लहान, आठशेच्या वर एक फळ नसेल. मी मुद्दामच ठोकून दिलं, "दोन हजार." आणि शिव्यांची वाट पाहत उभा राहिलो.

"असतीन," ते म्हणाले.