एका डोळ्याचा गणपती

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी डोळे काढते. आम्ही त्याला आखणी म्हणतो. बावीस वर्षं मान पुढे काढून हे काम केलं आणि शेवटी मानेनेच सूड उगवला. बोटं बधिर झाली, चहाचा कप हातातून सुटायला लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी मानेच्या मणक्याचं ऑपरेशन सांगितलं. माघातले गणपती आटोपले आणि मी टेबलावर आडवी झाले.

ऑपरेशन उत्तम झालं, बोटांना जाग आली. तिसऱ्या दिवशी सकाळी केस सारखे करायला उजवा हात उचलायला गेले, तर तो वर येईचना. दुखत नव्हता, खुपत नव्हता, नुसता ओल्या टॉवेलसारखा खांद्यापासून लोंबत होता. डॉक्टर म्हणाले, खांद्याकडे जाणारी नस रुसलीय, या ऑपरेशननंतर काहींना असं होतं. बहुतेकांचा हात परत येतो, पण महिने जातात. "चतुर्थीच्या आधी येईल?" मी विचारलं. त्यांनी शब्द दिला नाही. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. खोटा धीर दिला नाही तेच बरं केलं, असं आता वाटतं.

बोटं शाबूत होती, तिथेच मी फसले. घरी मांडीवर पाटी घेऊन डोळ्यांमागून डोळे काढले, एकही रेघ वाकडी नाही. ज्येष्ठात कारखान्यात जाऊन उभी राहिले. शेटनी विचारलं, "हात बरा हाय ना?"

"व्हय," मी ऐटीत म्हटलं.

समोर तीन फुटी मूर्ती होती. लहान मूर्ती मांडीशी घेऊन आखता येते. मोठीला तसं चालत नाही. तिचा डोळा आपल्या डोळ्यासमोर हवा, नाहीतर नजर खाली जाते आणि बाप्पा पेंगुळल्यासारखा दिसतो. म्हणजे ब्रश धरलेला हात तेवढा वर हवा. डाव्या हाताने उजवं कोपर उचलून धरलं आणि एक डोळा काढला. छान उतरला. दुसऱ्याच्या वेळी डावा दमला आणि उजवा खाली आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. सगळा कारखाना बघत होता.

आमच्याकडे रीत आहे, एका मूर्तीला एकच हात. एकाने एक डोळा काढला की दुसरा दुसऱ्याने काढायचा नाही, नजर जुळत नाही. शेट हळूच म्हणाले, "त्यावर पांढरा रंग फिरवून टाकू. दुसरं कोण तरी दोनी काढंल."

"नाय. तो डोळा माझा हाय. दुसरा मीच काढनार."

"आनि नाय जमला तर?"

मी ब्रश धुऊन ठेवला. त्यांनी मूर्तीच्या तोंडावर वर्तमानपत्र टाकलं आणि ती मागच्या फळीवर ठेवली. एसटी स्टँडवर बसून मी पोटभर रडले. मग रोह्याची गाडी धरली.

रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमी गावात माझी बहीण राहते. रोज पूल ओलांडून रोह्यातल्या दवाखान्यात हाताच्या व्यायामाला जायचं, घरी येऊन तेच पुन्हा करायचं. भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चढवायची. बहिणीच्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर मी माझ्या डोळ्याच्या उंचीला गेरूची रेघ मारली. ती माझे केस विंचरता विंचरता रोज त्या रेघेवरून बोलायची. आषाढात बोटं रेघेला टेकली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. व्यायाम शिकवणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "ताई, भिंत धरून पोचलात. आता तिथंच भिंत सोडा."

सोडली, की हात खाली. किती दिवस तेच चाललं. मग हात क्षणभर राहिला, मग थोडा जास्त. श्रावण संपता संपता आरतीचं एक कडवं म्हणून होईपर्यंत हात रेघेपाशी अधांतरी राहिला. डोळ्याला तेवढाच वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी पेणला आले.

वर्तमानपत्र काढलं. करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवली, श्वास धरला आणि रेघ ओढली. शेटनी जवळ येऊन दोन्ही डोळे पाहिले. दुसरा डोळा केसभर मोठा झाला होता, ते त्यांनाही दिसलं आणि मलाही.

"पुसायचा काय?"

"हात लावायचा नाय."

शेट हसले आणि मूर्ती त्यांनी स्वतः उचलून पुढच्या रांगेत ठेवली.

गणपती गेल्यावर बहिणीकडे गेले. सकाळी सवयीप्रमाणे ती फणी घेऊन आली. मी ती काढून घेतली. केस पुढे घेऊन निम्मी वेणी घातली आणि हात दमला. ती पुढे सरसावली. मी तिला लांबच बसवलं.

"अशी अर्धीमुर्धी पुलावरून जानार? लोकं हसतील गो!"

"हसूं देत."

तशीच व्यायामाला गेले, तशीच परत आले. संध्याकाळी पायरीवर बसून उरलेली अर्धी मीच घातली.