अनुसयावहिनींवरची रडण्याची बंदी

अन्याय झाला तो अनुसयावहिनींवर. १९४५ च्या शिमग्यापासून १९४६ च्या दिवाळीपर्यंत त्यांना रडू दिलं नाही. हे पारनेर तालुक्यात, माझ्याच गावात घडलं.

त्यांचा नवरा गेनू फौजेत नाईक, आमच्या दहा जणांच्या सेक्शनचा कमांडर. मी शिपाई. आमची कंपनी ब्रह्मदेशात, एका नदीकाठी. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज, मग हत्यारांची सफाई, मग लंगरचा, म्हणजे फौजी भटारखान्याचा चहा. लंगरच्या रोट्या गेनूभाऊला कधी आवडल्या नाहीत. स्वयंपाक्याला म्हणायचा, "आरं, हे बुटाचं तळवं हायेत. आमच्या घरची भाकर खा एकदा, मंग नोकरी सोडशील!"

शिमग्याच्या सुमारास आम्ही पहाटे बोटींतून नदी ओलांडली. मध्यावर मशीनगन सुरू झाली. हवालदार ओरडले, "सिर नीचे! रुको मत!" काठाला लागता लागता गेनूभाऊच्या छातीत गोळी लागली. मी त्याला वाळूवर ओढलं. माझ्या मांडीवरच तो गेला. मग मलाही बॉम्बचा तुकडा लागला. शुद्ध आली ती हॉस्पिटलात. त्याचा देह कुणाला सापडला नाही. सरकारी कागदावर शेरा पडला : बेपत्ता. तसंच घरी कळवलं गेलं. मी जबानी दिली. ती कुठल्या टेबलावर अडकली, अजून कुणी सांगत नाही.

गावीही मी पाटलांना पत्रानं खरं काय ते कळवलं. थोर मंडळींनी ठरवलं, मरणाचा सरकारी कागद येईपर्यंत गेनूच्या बायकोला सांगायचं नाही. आणि बेपत्ता माणसामागं रडणं म्हणजे त्याचं मरण मागणं! वहिनींचे डोळे भरले की विहिरीवरच्या बायासुद्धा म्हणायच्या, "खंबीर ऱ्हा. फौजीची बायकू हायेस." खंबीर म्हणजे गप्प, एवढाच त्यांचा अर्थ.

दिवाळीत डिस्चार्ज घेऊन आलो, तर पाटलांनी वेशीतच अडवलं.

"तिला सांगू नगंस. मोडून जाईल पोर."

"मोडली तर शेजारी बसतो," म्हणालो आणि गेलो.

वहिनी भाकरी थापत होत्या. मला एकट्याला पाहून त्यांचा हात थांबला.

"भाऊजी, खरं सांगा. गेले न्हवं?"

"होय, वहिनी. मी जवळ होतो."

"पानी पाजलं?"

"पाजलं. माझ्या बाटलीतलं."

"काय बोलले?"

गावाला अशा वेळी मरणाऱ्याचं एखादं शूर वाक्य हवं असतं. माझ्याकडं नव्हतं.

"काही नाही. माझा हात धरून होता."

पिठाच्या हातांनीच त्यांनी तोंड झाकलं. रडल्या. तव्यावरची भाकर जळली, ती कुणी उतरवली नाही. गेनूभाऊची आई कोपऱ्यात होती. मला वाटलं, आता सुनेला दटावणार. म्हातारी सरकत आली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "रड गं माझे बाय. मला बी कुनी रडू दिलं न्हाई."

मी कबूल केल्याप्रमाणे शेजारी बसून राहिलो.

दोन-चार दिवसांनी वहिनींनीच मला हाक मारली. डोळे सुजलेले, आवाज मात्र धड.

"भाऊजी, पारनेरला चला. त्यांचं नाव मेलेल्यांत लिवून घ्या. हारवलेल्यांत नगं."

कचेरीत कारकुनानं विचारलं, "मयताचं नाव?" मी तोंड उघडण्याआधी वहिनी बोलल्या. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, न अडखळता.

तुमच्या गावातही असं एक घर आहे. माहीत नाही म्हणू नका. आज जा. "रडू नको" हे शब्द वेशीबाहेर ठेवा. समोर बसा आणि गेलेल्याचं नाव मोठ्यानं घ्या.