डावखुरे टाके

शिवणाच्या खोलीत तिला सगळ्या उसवकाकू म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडे.

दर मंगळवारी दहाबारा बायका तिथे जमत. पैसे कुणी घेत नसे. लोकांनी दिलेले गोधड्यांचे वरचे थर पिशव्यांतून येत. कुणीतरी चिंध्या जोडून ठेवलेल्या, पुढे हात थांबलेला. या बायकांनी त्याला अस्तर लावायचं, मध्ये कापूस भरायचा, टाके घालायचे आणि गोधडी इस्पितळात धाडायची. बाकीच्या थर आहे तसा घेत. काकू आधी तो पालथा करून बघे. शिवण वाकडी दिसली की उसवून सरळ करी. चाळीस वर्षं शिलाईत मुरलेला हात तो. वाकडं त्याला सोसत नसे.

याच हाताने सख्खी बहीण तुटली होती. धाकटी डावखुरी. तिने लेकीच्या बाळासाठी शिवलेलं दुपटं काकूने गुपचूप उसवून नीट शिवून ठेवलं. धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, माझ्या हातचं काही राहू देणार आहेस का?" त्याला अकरा वर्षं झाली. आधी बोलायचं कुणी, यावर दोघी अडून बसल्या. या हिवाळ्यात आपणच जायचं, असं काकूने मनाशी धरलं होतं.

त्या मंगळवारी एक निळा थर आला. हातशिलाईचा, निळ्या दोऱ्याचे टाके तिरके.

"कुठल्या आंधळीने शिवलंय गं हे?"

"करा सुरू तुमची चिरफाड," शेजारची बटणवाली म्हणाली. सगळ्या हसल्या.

दुपारपर्यंत पाच ओळी सुट्या झाल्या. सहावीत रेघांच्या सदऱ्याचा तुकडा निघाला. त्यावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग. वडिलांचा सदरा. जाळला होता काकूने. मार खाल्ला होता धाकटीने, आणि तोंड उघडलं नव्हतं.

काकूने ब्लेड खाली ठेवलं. देखरेखीच्या बाईंना विचारलं, "ही पिशवी कुणी दिली?"

"एक मुलगी देऊन गेली. आईचं घर रिकामं करतेय म्हणाली."

"आणि आई?"

"चार महिने झाले म्हणे, काकू."

ती जागेवर येऊन बसली. सुई डाव्या हातात धरून तिने दोन तुकडे जोडून पाहिले. टाके वाकडे आले, पण ते धाकटीचे नव्हते. नुसतेच वाकडे होते.

बटणवाली हळूच म्हणाली, "घरी न्या हो. कोण विचारतंय?"

"नको. इस्पितळातच जाऊ दे. माझ्याजवळ राहिली तर उरलेलीही उसवीन."

मग तिला उसवलेल्या दोऱ्यांची आठवण झाली. टेबल पुसलेलं होतं. ती कोपऱ्यातल्या टोपलीपाशी गेली, गुडघे टेकून बसली, आत हात घातला. टोपलीत सगळ्यांचेच दोरे होते. निळेही पुष्कळ होते.