देवी आली नव्हती

देवावर माझा विश्वास होता, माणसांवर नव्हता. माझ्या मुलीला, रेवाला, नवव्या वर्षापासून मिरगी आहे. पुण्याहून बंगळुरूला आलो, मारतहळ्ळीत फ्लॅट घेतला आणि मी ठरवूनच टाकलं की नव्या गावात हे कुणाला कळू द्यायचं नाही. तिच्या गोळ्या मी व्हिटॅमिनच्या डब्यात ठेवत असे. रोज दिवा लावताना देवीकडे एकच मागणं असे, हे झाकलेलं राहू दे. पोरीला बरं वाटू दे, असं मागायचंही सुचत नसे, यावरून माझी अवस्था समजावी.

भीतीला कारण होतं. आमच्या सोसायटीत संक्रांतीला दुपारचा कार्यक्रम असतो, त्यात एक गृहस्थ नकला करतात. माणूस वाईट नाही, अडीअडचणीला सगळ्यांच्या आधी धावून येतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्टेजवर धाडकन अंग टाकलं, हातपाय झाडले आणि दुसरा एक जण माइकवरून ओरडला, "अरे, हा व्हायब्रेट मोडवर गेला, चप्पल आणा!" चप्पल आली, नाकाला लागली, सगळा हॉल खो खो हसला. मीही हसले. हसले नाही तर कुणी बघेल, म्हणून जरा जास्तच मोठ्याने हसले. शेजारी रेवा बसली होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग तीही हसली. घरी आल्यावर तिने विचारलं, "आई, मी पडते तेव्हा अशी दिसते का?" मी काहीतरी बोलून विषय बदलला. त्यानंतर तिने सहलीचं नाव काढलं नाही, मैत्रिणींकडे राहायला जाणं बंद केलं, आणि खरं सांगते, मला त्यात सोयच वाटली.

राजाजीनगरात एक अक्का राहतात. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठीत निम्मं कन्नड मिसळलेलं. नवरात्रात त्यांच्याकडे संध्याकाळी बायका भजनाला जमतात. गेल्या वर्षी आम्ही मायलेकी निघालो होतो, तेवढ्यात माझ्या ऑफिसातल्या दोघी घरी टपकल्या. रेवा गोळीचा डबा उघडत होती. मी डोळ्यांनीच खुणावलं, नंतर. ते नंतर राहूनच गेलं.

जोगवा रंगात आला होता. रेवा उभ्याउभ्या ताठ झाली आणि कोसळली. झांजा थांबल्या. कुणीतरी ओरडलं, "आली गं, आई आली!" क्षणात बायका हात जोडून पुढे सरसावल्या. एकीने तिच्या कपाळावर मळवट भरला, एकीने ओटीचा नारळ पुढे केला, एक जण तर आपल्या सुनेला दिवस कधी राहतील तेही विचारू लागली. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा. कुणी हसत नाही, उलट पाया पडताहेत! मग म्हणू दे की देवी आली. मीसुद्धा हात जोडले. माझं लेकरू जमिनीवर झटके खात होतं आणि मी, तिची आई, तिला नमस्कार करत उभी होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अक्का आल्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरलेले, पण आवाज खणखणीत. "स्वल्प मागं सरा! देवी नाही ही, फिट आहे. वारा लागू द्या पोरीला." त्या खाली बसल्या, रेवाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी सरकवली. तिच्या तोंडात चमचा घालायला निघालेल्या बाईचा हात बाजूला सारला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. दोन मिनिटांनी झटके ओसरले. कुणी म्हणालं, आरतीची वेळ टळतेय. अक्का म्हणाल्या, "टळू दे. देवीला काय बस गाठायची आहे?"

रेवाला ग्लानी आली. तिच्या कपाळावरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसत अक्का मला हळूच म्हणाल्या, "आमच्या यांना पण होतं. इथल्या पीण्या इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्यात स्टोअर बघायचे. तिथले लोक नक्कल करून हसायचे, म्हणून डबा एकटेच खायचे. मी भांडायची, माणसांत बसत नाही म्हणून. ते गेल्यावर कळलं मला." मग म्हणाल्या, "गोळी चुकली काय?"

त्या प्रश्नात राग नव्हता, म्हणूनच मला खोटं बोलता आलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या मुलीला मिरगी आहे. आज तिची गोळी माझ्यामुळे चुकली." आता कुजबुज होईल, म्हणून मी मान खाली घातली. पण मघाशी नारळ पुढे करणारी बाई पुटपुटली, "माझ्या बहिणीला पण आहे. कुठं कार्य असलं की तिला घरीच ठेवतो आम्ही. कोणी विचारलं तर, बरं नाही म्हणतो."

रेवाने डोळे उघडले होते. जड जिभेने तिने विचारलं, "नाव काय त्यांचं?"

बाई थबकली. "सुलभा," म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"उद्या आणा ना त्यांना," रेवा म्हणाली. "मी येणार आहे."

सोळा वर्षांच्या पोरीने जे एका वाक्यात केलं, ते मला सात वर्षांत जमलं नव्हतं. देवी अंगात येते की नाही, यावर मी वाद घालणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की जे झाकायला मी देवीला विनवत होते, ते तिने स्वतःच्याच घटासमोर उघडं केलं. आणि ते सावरायला अक्कांसारखं माणूस आधीच तिथं ठेवलं होतं. काय मागावं हे आपल्याला कळत नसेल, तर ते तिच्यावरच सोडावं.

दुसऱ्या दिवशी सुलभाताई आल्या. पन्नाशीच्या, कोऱ्या साडीतल्या, बावरलेल्या. रेवाने त्यांना शेजारी बसवलं. जोगवा सुरू झाला तशी बहीण म्हणाली, "तिला नाही येत हो, ती कधी आलीच नाही." पण सुलभाताई गात होत्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत, एक शब्द न चुकता. बहिणीने चकित होऊन विचारलं, "कुठं शिकलीस गं?"

"तुम्ही सगळ्या इकडं आलात की मी घरी म्हणायची," त्या म्हणाल्या.

मी देवीपुढे डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.