सुरीसाठी निवडलेलं काडतूस

कुवेत शहराच्या शर्क भागात धक्क्याच्या अंगाला एक दुकान होतं. दोरखंड, नांगर, कंदील, होडीच्या लाकडाला लावायचं तेल, आणि आतल्या काचेच्या कपाटात बंदुका नि काडतुसं. पन्नासच्या दशकातली काही वर्षं मी तिथे विक्रेता होतो. नोकरी मिळाली ती अर्ध्या खऱ्यावर. मालकाने विचारलं, बंदुकीतलं काय कळतं? मी म्हटलं, माझे अब्बा शिकारी. ते खरंच होते. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात त्यांची ठासणीची बंदूक होती आणि भेकरापायी त्यांनी जन्मभर रान तुडवलं. मी मात्र आयुष्यात एकदाही चाप ओढला नव्हता. माझं काम सुरी घेऊन धावायचं.

हे जरा सांगायला हवं. आमच्या गावच्या मौलवींची शिकवण अशी, की गोळीने मेलेलं जनावर म्हणजे दगडाने मेल्यासारखं. अंगात जीव असेतोवर गळ्यावर सुरी फिरली तरच ते हलाल. म्हणून शिकारीला नेहमी दोघं जात, एक नेम धरणारा आणि एक धावणारा. बार निघाला की धावणाऱ्याने काटेकुटे न बघता पळत सुटायचं. मी पोचायच्या आत जनावराने जीव सोडला, तर ते मांस पलीकडच्या वाडीला द्यावं लागे आणि घरी माझी पूजा बांधली जाई. तेव्हा मी शिकारी होतो तो फक्त पायांपुरता. मालकाला एवढं खोलात जाऊन सांगायची मला गरज वाटली नाही.

दुकानात बसून मी खुशाल उंटावरून शेळ्या हाकायचो. कुठल्या बंदुकीला कुठलं काडतूस, हे खोक्यांवरचं वाचून आणि गिऱ्हाइकांचंच ऐकून पाठ केलं होतं. एकाचं ऐकलेलं दुसऱ्याला सांगायचं. कुणी उलट विचारलं तर अब्बांचं नाव पुढे करायचं.

मला कुवेतला आणलं मामूने. आईचा धाकटा भाऊ, अहमदीत तेल कंपनीच्या मेसमध्ये आचारी. माझे कागद त्याने केले, बोटीवर उतरवून घ्यायला तो आला, पहिला महिनाभर मला स्वतःच्या खाटेवर झोपवून आपण खाली पथारी टाकून झोपला. एका हिवाळ्यात त्याला टायफॉइड झाला. ताप उतरल्यावर इस्पितळातून सोडलं तेव्हा मी त्याला माझ्या खोलीवर घेऊन आलो. ताप गेला होता, पण जाताना भूक घेऊन गेला होता. मी पेज करून द्यायचो, मासळीबाजारातून पापलेट आणायचो, इथे त्याला झुबैदी म्हणतात. दोन घास झाले की मामू ताट सरकवून भिंतीकडे तोंड करायचा. शंभर माणसांना जेवू घालणारा माणूस दोन घासांवर आला होता. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता हा तापाने जाणार नाही, गेला तर न खाण्याने जाईल.

मी त्याच्यावर चिडायचो. काळजी वाटली की मला चिडताच येतं, दुसरं काही येत नाही. एका शुक्रवारी दुपारी असाच आवाज चढवून विचारलं, की तुला हवं तरी काय ते एकदा सांग. तो म्हणाला, भेकराचं कालवण असतं तर खाल्लं असतं. तुझ्या बापाने आणलेलं असायचं तसं.

कुवेतात भेकर नाही, पण वाळवंटात हरीण होतं. त्या दिवसांतही ते दुर्मिळ झालं होतं. मोटारी आल्यापासून लोकांनी त्याचा पार फडशा पाडत आणला होता. तरी दर हिवाळ्यात दुकानातून काडतुसं घेऊन माणसं जात. त्यांत एक म्हातारा अरब नाखुदा होता, गलबतावरचा कप्तान. त्याने उमेदीत खजुराची गलबतं मुंबईला नि आमच्या किनाऱ्यालाही नेली होती, परतीला लाकूड आणि कौलं भरून आणली होती. त्याचं हिंदी मुंबईच्या गोदीतलं. माझ्या गावाची खाडी त्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत होती आणि हे तो मला दर खेपेस ऐकवायचा.

तो काडतुसांसाठी आला तेव्हा मी त्याला मामूचं सगळं सांगितलं, सुरीचंही. तो हसला. त्यांच्याकडे चाप ओढताना बिस्मिल्ला म्हटलं की भागतं, असं म्हणाला. पण माणूस आजारी आहे, त्याच्या मनात किंतु नको, तेव्हा तू आपली सुरी घेऊन माझ्याबरोबरच चल. मग नेहमीसारखं विचारलं, की काडतूस कुठलं देतोस?

त्याची बंदूक थ्री-नॉट-थ्री. तिच्यासाठी आमच्याकडे दोन प्रकारचं काडतूस असे. एकाच्या गोळीचं टोक उघड्या शिशाचं. ती अंगात शिरली की फुलते आणि जनावर जागच्या जागी कोसळतं. दुसरी गोळी टोकापर्यंत निकलने मढवलेली, लष्करी. ती फुलत नाही, दाभणासारखी आरपार निघून जाते. हरणासाठी नाखुदा नेहमी शिशाच्या टोकाची घ्यायचा. मी त्या दिवशी दुसरं खोकं काढून ठेवलं.

माझा हिशेब सोपा होता. इथे नेम तीनशे पावलांवरून धरतात. शिशाची गोळी लागली तर मी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल आणि मामू त्या मांसाला हात लावणार नाही. मढवलेल्या गोळीने जीव थोडा रेंगाळेल, मला धावायला वेळ मिळेल. नाखुदाला मी यातलं काही बोललो नाही. मांस फाटत नाही, वाया जात नाही, एवढंच सांगितलं. त्याने खोकं हातात घेऊन उलटसुलट केलं. "तेरा बाप शिकारी था, तेरे को मालूम," म्हणाला आणि घेऊन गेला.

दोन दिवसांनी पहाटे निघालो. जीप नाखुदाचा चुलतभाऊ चालवत होता. नैर्ऋत्येला बरंच आत गेल्यावर, ऊन चढता चढता, तीन हरणं दिसली. नाखुदाने जीपच्या टपावर बंदूक टेकली, बिस्मिल्ला म्हटलं आणि बार काढला. एक मादी गांधीलमाशी डसल्यासारखी उडाली आणि पळत सुटली. मीही सवयीने सुरी काढून पळत सुटलो. पन्नासेक पावलं गेल्यावर आपण काय करतोय ते माझ्या लक्षात आलं. आमच्या रानात जखमी भेकर झाडीत शिरून दहा हातांवर पडतं. इथे जमीन ताटासारखी सपाट, आणि ती मैलभर पळताना मला स्पष्ट दिसत होती.

जीपने पाठलाग केला. मादी खडकाळ ओहोळांत शिरली, तिथे गाडी जाईना, म्हणून उतरून रक्ताच्या थेंबांमागे चालत गेलो. थेंब लहान होते, लांब लांब पडलेले. नाखुदाच्या घड्याळाने दोन तास गेले. मग ती एका झुडपाच्या सावलीत बसलेली सापडली, पाय दुमडून, मान वर. पोटाला भोक होतं, बोटाने झाकलं जाईल एवढं. आम्हांला बघून तिने उठायचा प्रयत्न केला, पण मागचे पाय उचलले नाहीत. मी तिला किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला वळवलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी फिरवली. सगळं नियमाप्रमाणे झालं, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, आणि मी तिथेच बसून रडलो.

नाखुदाने मला पाणी दिलं. परत जीपकडे येताना त्याने विचारलं, "नरम गोली से उधर ही गिर जाती. तेरे को मालूम था?"

मी हो म्हणालो. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त उरलेली काडतुसं माझ्या हातात परत दिली, आणि शहरात शिरल्यावर मागची एक अख्खी तंगडी मामूसाठी काढून दिली.

फडक्यात बांधलेलं मांस बघून मामू उठून बसला. कित्येक आठवड्यांनी प्रथमच त्याच्या डोळ्यांत चमक दिसली. त्याने कांदा मागितला, मला सुकं खोबरं भाजायला लावलं, ते जास्त भाजलं म्हणून बोलला. माझ्या जिवात जीव आला. मग त्याने मांडीवर पाट घेऊन तंगडीला सुरी लावली आणि थांबला. मांस काळपट होतं, बोटांना चिकटत होतं. अंगठ्याने त्याने दोन ठिकाणी दाबून बघितलं. आचाऱ्यापासून मांस काय लपवणार?

"ह्या लय पळालंय रे," तो म्हणाला. "किती?"

मी सगळं सांगितलं. दोन्ही खोकी, माझा हिशेब, दोन तास. मला वाटलं, आता हा ताट सरकवणार, भिंतीकडे वळणार आणि यावेळी कायमचा वळणार. त्याने सुरी पाटावर ठेवली.

"जनावराचे हाल लवकर संपावेत म्हणून सुरी असते," मामू म्हणाला. "तू सुरीसाठी तिचे हाल वाढवलेस. आणि केलंस माझ्यासाठी, म्हणून मला तुझ्यावर ओरडतासुद्धा येत नाय."

त्याने मांस चिरायला घेतलं. पळून पळून ताठलेलं मांस शिजायला वेळ लागतो. तो स्टोव्हजवळ बसून राहिला, मध्ये दोनदा धाप लागली तरी उठला नाही. शेवटी त्याने दोन ताटं वाढली. मला नको, मी म्हणालो.

"मी खाणार," तो म्हणाला. "तिला टाकून देणं आणखी वाईट. पण एकट्याने नाय खाणार. बस."

मी बसलो. मांस चिवट होतं, खूप चावावं लागत होतं, आणि दर घासाला तिची वर केलेली मान माझ्यासमोर येत होती. मामू खाली मान घालून सावकाश जेवत होता. त्याचं ताट रिकामं झालं. त्याने माझ्याकडे न बघता ते पुढे केलं आणि भात मागितला. मी पातेलं घेऊन उठलो. त्या क्षणी मला इतका आनंद झाला, की ती माझ्या डोळ्यांसमोरून पार गेली. भात वाढून परत बसलो आणि माझ्या ताटातलं उरलेलं बघितलं, तेव्हा कळलं की मी तिला विसरलो होतो.