आमच्या रोमचा राजा

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा. माझा हा घोळ ऐकताना लोकांनी अंगावर चहा सांडून घेतलाय!

सुरुवात माझ्या नणंदेपासून. ती गेली रोमला, आम्ही ब्रह्मपुरीत. रोज फॅमिली ग्रुपवर फोटो: पडका खांब आणि ती, पडकी भिंत आणि ती, मग नुसतीच ती. आमची पोरं, आठ वर्षांचा सोहम आणि पाच वर्षांची परी, माझ्या मागे लागली. "मम्मी, आपण कधी जाऊ रोमले?"

आता रोमला न्यायची ऐपत नाही, हे पोरांना सांगणं जिवावर येतं हो. मी तोऱ्यात म्हटलं, "रोमचं काय घेऊन बसले? आपल्या गडचिरोलीच्या जंगलात त्याच्याहून जुने दगड उभे हायेत!"

पेपरात कधीतरी वाचलं होतं, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी उभे केलेले दगड म्हणून. नेमके कुठे, ते कोणाला आठवतंय? पण पोरांना शब्द देऊन बसले होते ना!

रविवारी पुऱ्या, बटाट्याची भाजी, शंकरपाळे बांधून आम्ही चौघं गाडीने निघालो, नवरा चालवायला. धानोऱ्याच्या पुढे नुसता साग आणि मोह. दगड दिसेना. पोरं कुरकुरायला लागली, माझा जीव खालीवर. आणि एकदम मोहाच्या झाडाखाली पुरुषभर उंचीचा उभा दगड! बाजूला आणखी लहानमोठे.

"थांबवा!" मी अशी ओरडले की मागून येणारी बसपण थांबली.

आणि मग काय बोलले मी त्या दिवशी! "पोरांनो, हा हजारो वर्षांपूर्वीचा राजा. नाव कोणाले मालूम नाई. याचं आता जगात कोणीच उरलं नाई."

"कोणीच नाई?" परीला राजाची दया आली. तिने एक पुरी आणि मूठभर शंकरपाळे त्याच्या पायाशी ठेवले. सोहमने बापाच्या खांद्यावर बसून त्याचीच कोरी टोपी राजाच्या डोक्यावर चढवली. मी फोटो काढून लगेच ग्रुपवर टाकला, 'रोमपेक्षा जुनं!' एरवी तिथे नेटवर्क नसतं. मेलं नेमकं तेव्हाच आलं!

तिथेच सावलीत जेवायला बसलो, तेवढ्यात पायवाटेने एक म्हातारी आली, मागे तिचा मुलगा. तिने आमच्याकडे पाहिलं, मग पुरीकडे, मग टोपीकडे. तिचे डोळे भरून आले.

"कुठून आले बाई? माह्या बुढ्यासाठी आले?"

"बुढा?"

"हाच ना, माहा नवरा. मागच्या उन्हाळ्यात तं गोटा उभा केला त्याच्या नावाचा. बाजूचा त्याच्या बापाचा."

त्या भागात वारलेल्या माणसाच्या नावाने अजूनही दगड उभा करतात, हे मला तेव्हा कळलं. हातातली पुरी मी डब्यात परत ठेवली. खरं सांगायला हवं होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं हो! मी माझ्या नवऱ्याकडे, विलासकडे पाहिलं. तो घाबरून म्हणाला, "लय चांगला माणूस होता!"

झालं!

"तुमाले कुठी भेटला, भाऊ?" मुलाने विचारलं.

"बाजारात."

"बैलाच्या?"

"हो. बैलाच्याच."

विलासचं मोबाईलचं दुकान आहे. बैल तो समोरून ओळखेल, मागून खात्री नाही.

"अन् टोपी आणली! त्याले टोपीचा लय शौक होता," म्हणत म्हातारीने ती नीट बसवली. विलासने टोपीला डोळे भरून पाहून घेतलं. म्हातारी आमच्यात बसली. दारावरून कोणाला उपाशी जाऊ द्यायचा नाही म्हणे तिचा बुढा. ती सांगत होती आणि मी लाजेने मरत होते. मग तिने परीच्या डोक्यावरून हात फिरवला.

परी म्हणाली, "आजी, पण मम्मी तं म्हणे याचं जगात कोणीच उरलं नाई. हा हजारो वर्षांचा राजा हाय."

मी हात जोडले. "बाई, चुकलं माझं. आम्ही त्यांना ओळखत नव्हतो. जुना दगड समजून पोरांना दाखवून राह्यली होती. माफ करा."

म्हातारी बघतच राहिली. आणि एकदम खळखळून हसली. "हजारो वर्सं! अन् हा तं वय विचारलं की मरेपर्यंत पन्नाशीच्या वर जातच नव्हता!"

मुलगाही हसत सुटला. हसता हसता तिने डोळे पुसले. "वळख नसताना तुयाच पोरीनं त्याले जेऊ घातलं ना? तोबी असाच होता. चाल घरी, चहा पिऊन जा."

गेलो. चहा झाला, वर मोहफुलांचे लाडू बांधून दिले. टोपी परत द्यायला लागली तर विलास म्हणाला, "राहू द्या आजी, त्यांनाच शोभून राह्यली."

परवा चंद्रपूरला गेलो होतो. किल्ल्याच्या दरवाज्यापाशी मी नुसतं तोंड उघडलं, "पोरांनो, हा शेकडो वर्षांपूर्वीचा..."

परीने माझा हात ओढला. "मम्मी, हळू बोल ना! त्याच्या घरचे आयकतील."