राखुंडी बँड आणि रामभाऊकाकांचं गोदाम

जे गाणं ऐकवण्याआधी समजावून सांगावं लागतं, त्याचे किस्से चाहत्यांपेक्षा जास्त जमतात. आमचा 'राखुंडी' बँड तसाच. वडनेर भोलजीत आम्ही तिघं ब्लॅक मेटल नावाचं भेसूर रॉक संगीत वाजवतो. सचिन तोंडाला काळा-पांढरा रंग फासून किंचाळतो, मध्येच मरून पडायचं नाटक करतो. मी गिटारवर. इम्रान ड्रमसोबत डफडंही बडवतो, त्याला आम्ही प्रयोग म्हणतो.

*

पहिला श्रोता चहावाला गजू. हेडफोन लावून अख्खं गाणं ऐकवलं. गडी डोळे मिटून ऐकत होता, आम्ही खूश! शेवटी म्हणाला, "गाणं चांगलं असन. पण तुमच्या मोबाइलचा आवाज फाटला."

*

फोटो काढायला सचिन रंगलेल्या तोंडानेच बाइकवर शेगावला निघाला. वाटेत हवालदाराने लायसन्स मागितलं. फोटो जुळेना, म्हणून तोंड धुवायला लावलं. धुतलेलं तोंड निरखून म्हणाला, "आता जास्त संशय येऊन राह्यला."

*

सरावाला जागा एकच, रामभाऊकाकांचं कापसाचं रिकामं गोदाम. ते गेलं की बँड संपला, कारण घरी कोण किंचाळू देणार? पण भरदुपारी बंद शटर, काळे कपडे, कोपऱ्यात लिंबं आणि हळद! हे सचिनच्या घशासाठी आहे, असं डोकावायला आलेल्या काकांना शपथेवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना जमिनीवर काठी ठोकून पाहिली.

आमच्याकडे एवढं सामान एकत्र दिसलं की लोकांना एकच सुचतं, गुप्तधन. पोरं हंडा काढताहेत, अशी गावभर कुजबुज. मला भयंकर राग यायचा.

*

लिंबं विकणाऱ्या मावशींनी तर सचिनला हळूच बाजूला घेतलं. "माह्याही वावरात पाहून दे ना बाप्पा. अर्धं अर्धं करू."

*

शेवटी काकांनी गोदाम खाली करायला सांगितलं. आम्ही हातापाया पडलो, एकदा पूर्ण कार्यक्रम ऐका, मग हाकला. काका खुर्ची टाकून बसले. सचिन किंचाळला, मेला, उठला. काकांची नजर मात्र ड्रमखालच्या सतरंजीवरून हलेना. उद्या सांगतो म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी शटर उघडंच होतं. ड्रम भिंतीला लावलेले, सतरंजीची घडी घातलेली आणि मधोमध कमरेएवढा खड्डा. काका कुदळीला टेकून घाम पुसत होते.

"खाली काहीच नाही बे," ते म्हणाले. "म्हंजे तुम्ही खरंच गाणं म्हणून राह्यले होते. वाजवा मंग."